खान्देशात राहून टिकाऊ कपडे: कपाट रिकामं करण्यापासून शिलाईपर्यंत

प्रश्न असा आलाय: भुसावळला राहणारं नोकरदार जोडपं आहे. कपाटाचं दार लागत नाही, तरी सकाळी घालायला काही सापडत नाही. निसर्गाला आणि कपडे बनवणाऱ्या माणसांना कमीत कमी त्रास होईल असे कपडे वापरायचे आहेत, पण त्या नावानं विकणाऱ्या कंपन्यांचा एक कुर्ता तीन हजारांना पडतो. हे आपल्याकडे जमण्यासारखं आहे का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमण्यासारखं आहे, आणि मोठ्या शहरापेक्षा इथे सोपं आहे. मीटरवर कापड देणारी दुकानं आणि मापं घेऊन शिवणारे टेलर जळगाव, धुळे, अमळनेर, शहादा इथे अजून टिकून आहेत. तीन हजारांचा कुर्ता सोडून द्या. कपडा कसा आहे हे त्यावरच्या शिक्क्यापेक्षा तो किती वेळा अंगावर चढतो यावर ठरतं. १,२०० रुपयांचा शर्ट १२० वेळा घातला तर एका वेळेचे १० रुपये. साडेतीनशेचा शर्ट पंधरा धुण्यांत कॉलरला गेला तर एका वेळेचे २३, आणि वर त्यातला कापूस, पाणी, रंग, मजुरी सगळं लवकर उकिरड्यावर.

पहिले तीन महिने काहीच विकत घेऊ नका. कपाट बाहेर काढा. प्रत्येक हँगरला किंवा घडीला एक दोरा बांधा. कपडा घातला की दोरा काढायचा. तीन महिन्यांनी ज्यावर दोरा राहिला त्याचं कारण बघा. बहुतेक वेळा कारण किरकोळ निघतं: बटण नाही, चेन अडकते, कमरेला इंचभर घट्ट, परकरच मिळत नाही. हे कपडे आधी टेलरकडे जातात. नवीन घेण्याची यादी त्यानंतर.

या तीन महिन्यांत आणखी एक गोष्ट लक्षात येईल. आपल्याकडच्या कपाटातला बराच माल विकत घेतलेला नसतो, आहेरात आलेला असतो. आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पाऊस लागेपर्यंत लग्नं, त्यात पुरुषाला टोपी-टॉवेल नाहीतर शर्टपीस-पँटपीस, बाईला साडी किंवा ब्लाउजपीस. यातल्या बहुतेक साड्या गठ्ठ्यानं घेतलेल्या सुरती पॉलिस्टरच्या असतात. त्या नेसण्यासाठी घेतलेल्याच नसतात. घडी न मोडता त्या या घरून त्या घरी फिरतात. तुम्ही ब्रँडेड कुर्ता सोडून काहीही केलं तरी हा प्रवाह आटला नाही तर कपाट रिकामं होणार नाही. म्हणून घरातल्या पुढच्या कार्याआधी भाऊबंदांत बसून ठरवा. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापणं आता कुणाला खटकत नाही. घ्यायचा बंद केलात तर द्यायचाही बंद करावा लागेल, नाहीतर लोक बोलतात आणि त्यांचं चुकतही नाही. मानाची जी चार-पाच माणसं टाळताच येत नाहीत त्यांना शंभर टक्के सुती पंचा, एक मीटर चांगलं ब्लाउजचं कापड किंवा त्यांना विचारून एकच साडी. ही एवढी बोलणी झाली तर पुढच्या दहा वर्षांच्या खरेदीपेक्षा जास्त फरक पडतो.

किती कपडे लागतात? कार्यालयात जाणाऱ्याला पाच शर्ट किंवा कुर्ते, तीन पँट किंवा सलवारी, घरचे तीन जोड, कार्याचे दोन. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे कपडे दोन तासांत वाळतात, त्यामुळे डझनभर जोड ठेवण्याचं कारण नाही. पावसाळ्यासाठी लवकर वाळणारे दोन जास्त ठेवा. जाड जीन्स जुलैत तीन दिवस ओली राहते आणि कुबट वास धरते.

आता कापूस. तुम्ही कापसाच्या मुलखात राहता, म्हणून हा हिशोब एकदा करून बघा. ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) १.६ मीटर शर्टिंग म्हणजे अंदाजे पावणेतीनशे ग्रॅम कापड. सूतगिरणीतली घट धरली तर त्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास रुई लागते. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी काढताना, एक क्विंटल कापसातून ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे एका शर्टात साधारण एक किलो कापूस. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, म्हणजे किलोला ८१ रुपये. शर्ट ४०० रुपयांचा असो की २,००० चा, शेतकऱ्याच्या वाट्याला येणारी रक्कम फारशी हलत नाही, आणि बियाणं, खत, फवारणी, किलोवर होणारी वेचणीची मजुरी हे सगळं त्यातूनच जातं. तेव्हा महाग शर्ट घेतला म्हणजे शेतकऱ्याला जास्त मिळालं असं होत नाही. जास्तीचे पैसे पोहोचवायचे असतील तर ते कारागिराच्या हातात द्या, तिथे ते खरोखर पोहोचतात.

‘आमच्या भागातला कापूस’ असं लिहिलेल्या मालावरही फार विसंबू नका. धरणगावच्या किंवा जळगावच्या जिनिंगमधून निघालेली १७० किलोची गाठ गुजरातेत किंवा तामिळनाडूत सूत व्हायला जाते, तिथे दहा ठिकाणच्या गाठी एकत्र होतात, आणि तिरुपूरला शिवलेला टी-शर्ट फिरून आपल्याच बाजारात येतो. सेंद्रिय म्हणून विकत असतील तर प्रमाणपत्राचा परवाना क्रमांक विचारा. तो प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांक नसेल तर नुसत्या हिरव्या पानाच्या चित्राला अर्थ नाही. हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क हा सरकारी शिक्का आहे, खादीसाठी २०१३ च्या नियमांनंतर खादी मार्क. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलेल्या या मुलखात खादी काय ते वेगळं सांगायला नको, पण दुकानात ‘खादी कॉटन’ नावानं जे जाड यंत्रमागाचं कापड मिळतं ते खादी नव्हे. खादीचं सूतही हातानं कातलेलं आणि विणाईही हाताची असावी लागते. खऱ्या खादीवर २ ऑक्टोबरच्या सुमारास खादी भांडारात सवलत असते, वर्षाची खरेदी तेव्हा करा.

यंत्रमागाचं कापड वाईट, असं मात्र नाही. मालेगाव, धुळे, बुऱ्हाणपूर इथे ते आपल्या शेजारीच विणलं जातं आणि सर्वांच्या आवाक्यात आहे. त्यात अडचण आहे ती बऱ्याच ठिकाणच्या बारा तासांच्या पाळ्यांची आणि तुकड्यावरच्या मजुरीची. ती तुम्ही दुकानात उभं राहून सोडवू शकत नाही. एक गोष्ट तुमच्या हातात आहे: कमी घ्या, चांगलं घ्या.

चांगलं कसं ओळखायचं, यावर थोडा वेळ द्या, कारण फसगत इथेच होते. दुकानदार ‘कॉटन’ म्हणतो तेव्हा ते सुती असेलच असं नाही. ‘कॉटन टच’, ‘रेयॉन कॉटन’, ‘मिक्स’ सगळं त्या एका शब्दात खपतं.

आधी खळ. स्वस्त सुती कापड जाड दिसावं म्हणून त्यात भरपूर खळ मारलेली असते. कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेली जागा एकदम विरळ झाली तर ते कापड पहिल्या धुण्यात मच्छरदाणी होणार. मग उजेडाकडे धरा. धागे सारखे भरलेले दिसले पाहिजेत, अधूनमधून पट्टे विरळ नकोत. शेवटी रंग: पांढरा रुमाल ओला करून कापडावर दहा वेळा घासा. थोडा रंग गडद निळ्या-लाल कापडाचा येतोच. रुमाल रंगून गेला तर परत ठेवा. घरी मीठ किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवून असा रंग पक्का होत नाही. न बसलेला जास्तीचा रंग गार पाण्यात दोन-तीन वेळा वेगळा धुऊनच काढावा लागतो.

धागा कशाचा हे कळायला जाळून पाहणं सर्वांत सोपं. कापडाच्या कडेचे चार-पाच धागे उभे आणि चार-पाच आडवे वेगवेगळे काढा, कारण उभा ताणा सुती आणि आडवा बाणा पॉलिस्टर असं पुष्कळदा असतं. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा.

सुती धागा कागदासारखा जळतो, विझल्यावर ठिणगी पुढे सरकते, राख मऊ आणि करडी, बोटानं उडून जाते.

पॉलिस्टर आधी आक्रसतं, वितळतं, आणि शेवटी काळा कडक मणी उरतो. तो बोटांत फुटत नाही.

रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात, मणी काळा असतो पण चुरडतो.

राखही आणि मणीही आला तर मिश्र कापड. रेयॉन मात्र या परीक्षेत सुटून जातं, ते हुबेहूब सुतासारखं जळतं. त्यासाठी दुसरा धागा ओला करून ओढा: सुती धागा भिजल्यावर उलट मजबूत होतो, रेयॉनचा लगेच तुटतो. रेयॉनचे कुर्ते दुकानात सुंदर पडतात आणि सहा महिन्यांत काखेत उसवतात ते यामुळेच. ओलं असताना पिळलं की धागा मरतो.

जाडीचा अंदाज घ्यायचा तर शर्ट-कुर्त्याला चौरस मीटरला १०० ते १४० ग्रॅमचं कापड, पँटला २२० ते २८०. जुन्या चांगल्या दुकानात हा आकडा सांगतात. पँटीसाठी लायक्रा असलेलं कापड शक्यतो नको. दोन टक्के लायक्राही कडक उन्हात आणि गरम इस्त्रीत दोन वर्षांत मरतो, मग गुडघ्याला पोचे येतात. पॉलिस्टर अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. रेनकोट, बॅग, दप्तराला ते हवंच. पण ४४-४५ अंशांत अंगाला लागून पॉलिस्टर घालणं म्हणजे घामात दिवस काढणं, आणि दर धुण्याला त्याचे बारीक तंतू गटारीतून नदीत.

कापड किती घ्यायचं? मध्यम बांध्याला पूर्ण बाहीचा शर्ट: ३६ पन्हा असेल तर २.५ मीटर, ४४ ला सव्वादोन, ५८ ला १.६. पँट ५८ पन्ह्यात १.२ ते १.३. गुडघ्यापर्यंत कुर्ता ४४ पन्ह्यात २.५, सलवार तेवढीच. ब्लाउज ८० सेंटिमीटर ते १ मीटर. सुतीला यावर १० सेंटिमीटर जास्त घ्या, खादी-हातमागाला १५ ते २०, कारण पुढची पायरी लोक टाळतात आणि पस्तावतात: कापड टेलरकडे देण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं, न पिळता सावलीत वाळवायचं, इस्त्री करून द्यायचं. गिरणीचं सुती तीन ते पाच टक्के आटतं, खादी सात-आठ टक्केही. ७२ सेंटिमीटर लांबीचा शर्ट पाच टक्के आटला तर साडेतीन सेंटिमीटर गेले, म्हणजे वाकल्यावर पाठ उघडी. कॉलरचं बकरमही (आतलं कडक कापड) वरच्या कापडाच्या मानानं आटत नाही, म्हणून न भिजवलेल्या शर्टाच्या कॉलरला धुतल्यावर फुगे येतात.

टेलरला काय सांगायचं, हे या सगळ्यातलं मुख्य. तयार कपड्यात शिवणीच्या आत जेमतेम एक सेंटिमीटर कापड असतं. दोन किलो वजन वाढलं की तो कपडा बाद. मापाच्या शिलाईत आत माया (शिवणीतलं जास्तीचं कापड) सोडायला सांगता येते, तेवढ्यानं कपड्याचं आयुष्य दुप्पट होतं. कुर्ता-ब्लाउजला दोन्ही बगलांना एकेक इंच. पँटच्या मागच्या आसनाला सव्वा ते दीड इंच, खाली पायाला दोन इंच दुमड. वाढत्या मुलाच्या फ्रॉक-पायजम्याला तीन इंच दुमड आणि वर एक चुणी, जी पुढच्या जूनमध्ये उसवायची. टीप इंचाला बारा टाक्यांच्या आसपास हवी. आठ टाक्यांची टीप लवकर सुटते, पण खादीसारख्या सैल विणीच्या कापडात फार बारीक टीप मारली तर धागेच कापले जातात, तिथे दहा पुरे. आतल्या कडा इंटरलॉक करून घ्याच. काखेत घट्ट कट नको. पँटच्या आसनाला दुहेरी टीप. आणि कातरण परत मागा. तळहाताएवढे चार तुकडे म्हणजे पुढच्या सगळ्या ठिगळांची सोय, तोच रंग, तेच कापड.

हे सगळं सांगितल्यावर टेलर जास्त पैसे मागेल, ते द्या. तीन हजारांच्या कुर्त्यात ज्याच्या मजुरीची खात्री पटावी म्हणून आपण पैसे मोजतो, तो कारागीर इथे तुमच्यासमोर बसलाय. वेळ मात्र निवडा. लग्नसराईत, जूनच्या गणवेशांत आणि दिवाळीआधी कापड टाकलंत तर ते रात्री अकरा वाजता घाईत कापलं जाणार. आषाढात आणि पौषात टेलरचं मशीन रिकामं असतं. तेव्हा दिलेलं काम नीट होतं आणि त्याच्या सुक्या महिन्यात चार पैसे येतात. वर्षाचे दोन मोठे जोड या दोन महिन्यांत शिवून घ्यायची सवय लावा.

धुणं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. साबणाची वडी त्यात फेस धरत नाही, चिकट साका तयार होतो आणि तो धाग्यात बसतो. पांढरे कपडे राखाडी आणि टॉवेल खरबरीत होतात ते मळामुळे कमी, या साक्यामुळे जास्त. लोक मग आणखी साबण लावतात आणि आणखी ब्रश मारतात. त्याऐवजी बादलीत आधी एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, मग पावडर टाका. रेशीम-लोकरीला सोडा चालत नाही. शेवटच्या पाण्यात दहा लिटरला अर्धा चमचा सायट्रिक ॲसिड टाकलं की उरलेला साका निघतो आणि कपडा मऊ राहतो. ब्लीच वापरलेल्या पाण्यात हे कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. काखेतल्या पिवळ्या डागांना तर ब्लीच लावूच नका, घामावर ते आणखी पिवळं पडतं. रंगीत कपडे उलटे करून सावलीत. आपल्या उन्हाला आणि वाऱ्याला सावलीतही कपडा वाळवायला वेळ लागत नाही. ठेवणीतल्या सुती साड्यांची खळ धुऊन मगच घडी करा, कसर खळीला लागते.

दुरुस्तीत तीन कामं शिकून घेतली तरी पुरे. शर्टची कॉलर घडीवर विरली की वरची टीप उसवून कॉलरचं पान काढायचं, पालटून परत बसवायचं. आतलं बकरम दिसायच्या आधी हे करावं लागतं, आणि कॉलरच्या टोकांना बटणं असतील तर जमत नाही. काखेत फाटणारा ब्लाउज-कुर्ता रफू करून उपयोग नाही, तिथे ताण आहे. कातरणीतून सात-आठ सेंटिमीटरचा चौकोन तिरका घालून जागा मोकळी करा. मांडीत घासणाऱ्या पँटला भोक पडायच्या आधी, कापड उजेडात विरळ दिसू लागताच, आतून ठिगळ लावा. ते लंबगोल कापा, कारण कोपऱ्यावर ताण येऊन तिथूनच पुन्हा फाटतं, आणि पँटच्या कापडापेक्षा जाड घेऊ नका. जाड ठिगळाच्या कडेनं जुनं कापड चिरत जातं. बाकी चेन आणि इलॅस्टिक बदलणं टेलर दहा मिनिटांत करतो. ते मोडलं म्हणून पँट टाकणं निव्वळ उधळपट्टी.

कपडा खरोखर संपला तर? धड असलेले, धुतलेले, बटणं शाबूत असलेले कपडे, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या भांडेवालीला द्या. एका पातेल्यावर घासाघीस करून तिला फाटके भरायला लावू नका. ती चांगला कपडा निवडून, दुरुस्त करून पुढे जुन्या बाजारात पोचवते. पूरग्रस्तांच्या नावानं जमा होणाऱ्या ढिगापेक्षा तो कपडा माणसाच्या अंगावर जाण्याची शक्यता इथे जास्त. लोकरीचा आणि मिश्र चिंध्यांचा माल भंगारवाल्याकडून पानिपतच्या कारखान्यांपर्यंत जातो, तिथे तो पिंजून घोंगड्या-चादरी होतात.

सुती साड्या, धोतरं, लुगडी गोधडीला. वर-खाली दोन धड साड्या, मध्ये तीन-चार विरलेले थर, धावदोऱ्याच्या ओळी इंच-दीड इंच अंतरावर. आहेरातली पॉलिस्टरची साडी मध्ये घालण्याचा मोह होतो, घालू नका. ती घसरते, थर एका बाजूला गोळा होतो, घाम पीत नाही आणि गोधडी उन्हाळ्यात अंगावर घेववत नाही. त्या साड्यांना पडद्याचं अस्तर, कूलरचं आणि गादीचं आच्छादन, दप्तराची पिशवी हेच बरं. शेताच्या बांधावर किंवा होळीत जाळू नका, धूर घशाला लागतो आणि वितळलेला गोळा मातीत तसाच पडून राहतो. उरलेल्या सुती चिंध्या हातभर चौकोनी कापून गॅरेजवाल्याला द्या, तेल-ग्रीस पुसायला तो आनंदानं घेतो. सिंथेटिक घेत नाही, तेल पीत नाही म्हणून. देण्याआधी बटणं, हुक आणि पितळी चेन काढून घ्या. आषाढात नवी पँट शिवायला टाकाल तेव्हा ती चेन कापडासोबतच टेलरकडे द्या.